पांढऱ्या वाइनला पांढरा रस्सा

ओकच्या पिंपात मुरलेली फ्रेंच पांढरी वाइन भारतीय जेवणाबरोबर चालत नाही, असं एक वाक्य रील्सपासून हॉटेलच्या मेन्यूकार्डापर्यंत सगळीकडे फिरत असतं. सोबत सल्ला असतो की भारतीय जेवण म्हणजे मसाला, तेव्हा गोडसर, हलकं काहीतरी घ्या. मला राग येतो तो त्यातल्या ‘भारतीय जेवण’ या दोन शब्दांचा. कुठलं भारतीय जेवण? लिहिणाऱ्याने बटर चिकन खाल्लेलं असतं आणि विंदालूचं नाव ऐकलेलं असतं. आळणी रस्सा त्याला माहीत नसतो, दह्यातलं भरीत माहीत नसतं. पांढरा रस्सा हा शब्द त्याच्या कानावरूनही गेलेला नसतो.

बाहेरच्या माणसाला माहीत नाही, हे एक वेळ समजू शकतं. पण सांगली-साताऱ्याची पोरं पुण्या-मुंबईत नोकरीला लागतात, कंपनीच्या पार्टीत हातात ग्लास येतो आणि तीही हेच वाक्य बोलायला लागतात, तेव्हा मात्र गप्प बसवत नाही. ज्या घरात ‘मण्यात पाणी उतरलं का’ ही चौकशी पाहुण्याच्या तब्येतीआधी होते, जिथे बागेत रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फिरणारा म्हातारा ब्रिक्सचा आकडा तोंडपाठ सांगतो, त्या घरातला मुलगा द्राक्षाच्या रसाबद्दल बोलताना एकदम मुका होतो. मग तो बाटलीमागचं लेबल वाचतो. हेझलनट. ब्रिओश. टोस्ट. व्हॅनिला.

हेझलनट त्याने कधी खाल्लंय? फार तर चॉकलेटमध्ये. ब्रिओश म्हणजे काय, हे त्याला गूगल करावं लागतं. पण मान हलवतो. पुण्यातल्या एका हॉटेलात झालेल्या टेस्टिंगला मी बसलो होतो. शिकवणाऱ्या बाईंनी वासाबद्दल विचारलं. माझ्या शेजारचा, आमच्याच बाजूचा, हळूच म्हणाला, “चुलीवरच्या दुधासारखा धुरकट येतोय.” बाई हसल्या आणि म्हणाल्या, “यू मीन स्मोकी ओक.” त्याने पुन्हा तोंड उघडलं नाही. त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यांत अचूक बोललेला माणूस तोच होता.

तो अचूक होता असं मी म्हणतो, त्याचं कारण रसायनात आहे. बर्गंडीमध्ये शार्डोने या द्राक्षाची चांगली वाइन पिंपातच आंबवतात. पिंप २२८ लिटरचं, फ्रेंच ओकचं. लाकूड दीड-दोनशे वर्षं वाढलेल्या झाडाचं असतं. त्याच्या फळ्या दोन-तीन वर्षं उघड्यावर उन्हापावसात ठेवतात आणि मग आगीवर वाकवून पिंप बांधतात. पिंप आतून भाजलं जातं, त्यातून धुराचा वास देणारी द्रव्यं तयार होतात. चुलीवरच्या दुधाला लागतो तो वासही भाजलेल्या लाकडाच्या धुराचाच. ओकमध्ये व्हॅनिलिन असतं आणि लॅक्टोन नावाची द्रव्यंही असतात. या लॅक्टोनचा वास चक्क खोबऱ्याचा. वाइन पिंपात असताना यीस्टचा साका तळाशी बसतो, तो अधूनमधून काठीने ढवळतात, त्याने वाइनला अंग येतं. आणि द्राक्षातलं मॅलिक आम्ल, म्हणजे कच्च्या सफरचंदाला कडक आंबटपणा देतं ते, जिवाणूंच्या मदतीने लॅक्टिक आम्लात बदलतं. लॅक्टिक म्हणजे दह्यातलं. या बदलात डायअसिटिल नावाचं द्रव्य तयार होतं. लेबलवर ‘बटर’ लिहितात, ती याची कमाल. विरजणाचं ताक घुसळून काढलेल्या लोण्याचा वास ज्याला माहीत आहे, त्याला डायअसिटिल माहीत आहे. त्याला ‘बटरी’ हा शब्द उसना घ्यायची काय गरज?

उलट आपल्याकडे शब्द जास्त आहेत. खमंग आणि खरपूस यांत फरक आहे, तो कुठलीही आई सांगेल. आंबूस, आंबट आणि आंबटढाण या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. तुरट, कडसर, ओशट, गुळमट, पाणचट, मिळमिळीत, मचूळ, खवट, उग्र. ओकची वाइन चाखताना या यादीतला प्रत्येक शब्द कामाला येतो. इंग्रजी टेस्टिंगच्या वहीत ‘स्ट्रॉ’ लिहितात, तो आपला कडबा. कॉर्कमधल्या दोषामुळे वाइन बिघडते तेव्हा ‘वेट कार्डबोर्ड’ म्हणतात. सांगलीच्या मार्केट यार्डात पावसाळ्यात एकदा चक्कर मारलेल्या माणसाला तो भिजलेल्या बारदानाचा वास नाकात शिरताक्षणी कळेल, आणि अशी बाटली परत पाठवायचा त्याला हक्क आहे.

परक्या शब्दांची भीती वाटणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. २४ मे १९७६ला पॅरिसमध्ये नावं झाकून चाचणी झाली. परीक्षक फ्रेंच. पांढऱ्या वाइनमध्ये बर्गंडीच्या नामांकित बाटल्या होत्या आणि त्यांच्यापुढे पहिली आली कॅलिफोर्नियाची, शातो माँटेलिनाची १९७३ची शार्डोने. दुसरी गोष्ट बोर्डोची. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, फक्त वास नसलेला रंग घालून ती लाल केली होती. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. वाइन शिकणारे विद्यार्थी, तेही बोर्डोत! त्यांच्या नाकाने डोळ्यांचं ऐकलं. याचा अर्थ चव हे थोतांड आहे असा कुणी काढतात, मी काढत नाही. मी एवढाच अर्थ काढतो की शब्द आधी ठरले, की नाक त्यांच्यामागे चालतं. मग ते शब्द आपले तरी असू देत.

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण चैनीच्या बाटलीसाठी एवढा अभिमान कशाला? कारण यात पैसा आहे, आणि तो आपल्या द्राक्षाचा आहे.

तासगावचा बेदाणा सौद्यात कसा विकला जातो, बघितलंय का? रंग, आकार, चकाकी, एकसारखेपणा. हिरवट-पिवळा, टपोरा, स्वच्छ असला की भाव चढतो. एखादा अडत्या दोन दाणे तोंडात टाकतोही, पण भाव डोळ्यांनी ठरतो. त्यामुळे शेतकरी रंगाच्या मागे लागतो. डिपिंग ऑइल, पोटॅशियम कार्बोनेट, रॅकवर सावलीत वाळवणं, गंधकाची धुरी. ही मेहनत मोठी आहे, तिची थट्टा करायची नाही. पण ती सगळी रंगासाठी आहे. उन्हात तांबूस झालेल्या, चवीला खोल असलेल्या बेदाण्याला सौद्यात उतरता भाव. गुळाचंही तेच झालं. कराड-कोल्हापूरच्या बाजारात पिवळाधमक गूळ जास्त पैसे आणतो म्हणून काहिलीत हायड्रॉस पडायला लागलं, आणि काकवीची चव असलेला तांबडा गूळ अनेक वर्षं ‘डाग’ म्हणून बाजूला पडला. आता शहरातली दुकानं तोच तांबडा गूळ ‘केमिकल फ्री’ म्हणून चढ्या भावाने विकतात. फायदा कुणाचा, तर ज्याच्याकडे चवीची भाषा होती त्याचा.

मेर्सो हे बर्गंडीतलं गाव आहे. तिथल्या बाटलीवर बहुतेक वेळा शार्डोने हा शब्दही नसतो. गावाचं नाव असतं, आणि चांगली असेल तर शेताचं. पेरिएर म्हणजे दगडाच्या खाणी. जनव्रिएर हे नाव तिथल्या एका झुडपावरून पडलंय. आपल्याकडे ‘खडकाचं’, ‘चिंचेचं’, ‘ओढ्याकडचं’ अशी शेतांना नावं असतात ना, अगदी तशी. एका शेतातल्या वाइनची चव शेजारच्या शेतातल्या वाइनपेक्षा वेगळी कशी, हे ती माणसं शेकडो वर्षं बोलत आली. बोलून बोलून त्याचा कायदा झाला, त्या शेतांच्या तुकड्यांना २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हळदीला २०१८ मध्ये. चांगलं झालं. पण मानांकनाचा शिक्का खोक्यावर लागून काय होणार, जर अग्रण धुळगावचा बेदाणा आणि तासगावचा बेदाणा चवीला कसा वेगळा, हे सांगणारं एक वाक्य आपण लिहिलेलं नसेल? तास-ए-गणेशसारखा वाण याच तालुक्यातल्या शेतकऱ्याने निवडून काढला. निवडणारा डोळा आपल्याकडे आहेच. चव बोलून दाखवायचं मात्र आपण लाजतो.

वाइनचा प्रयत्नही या जिल्ह्यात झाला. राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आलं, नाशिकजवळ विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. नाशिक चाललं. पलूसकडून जी स्वप्नं पाहिली होती, ती फळाला आली नाहीत. २००८-०९च्या मंदीने मागणी पडली तेव्हा वाइनची द्राक्षं लावलेल्या शेतकऱ्यांनी राज्यात ठिकठिकाणी वेली उपटल्या. कारणं बाजाराची होती, भांडवलाची होती. पण मला वाटतं आणखीही एक होतं. कारखाना उभा राहिला आणि त्याच्या भोवती चाखणारं गाव उभं राहिलं नाही. फलटण ओलांडून माळशिरस तालुक्यात शिरलात, की अकलूजच्या बाजूला फ्रॅटेलीचे मळे आहेत, फ्रान्समधून आणलेल्या कलमांचे. तिथे शार्डोने होते आणि तिचा काही भाग ओकमध्ये मुरतो. माणदेशाच्या सीमेवर हे घडतंय. माण-खटावच्या किती जणांनी ती चाखलीय?

इथे दुसऱ्या बाजूने आवाज येतो, आणि तो मी टाळणार नाही. २७ जानेवारी २०२२ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. लगेच वाद पेटला, साताऱ्यात वारकऱ्यांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं. त्या वेळी निर्णयाच्या बाजूने एक वाक्य फार ऐकू आलं: वाइन म्हणजे दारू नव्हे. हे धडधडीत खोटं आहे. तेरा-साडेतेरा टक्के अल्कोहोल असलेली वस्तू दारूच असते, फ्रेंच असली तरी. ‘हे शेतकऱ्यासाठी’ हेही सांगलीपुरतं अर्धंच खरं, कारण आपल्या थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेशच्या बागा खाण्याच्या द्राक्षांच्या आणि बेदाण्याच्या आहेत, चांगली वाइन त्यातून होत नाही. ज्या बाईने ‘आडवी बाटली’ला मत देऊन गावातलं दुकान बंद पाडलं, तिला वाइनचं कौतुक सांगायला मी जाणार नाही. तिने नवऱ्याच्या तोंडाचा वास वर्षानुवर्षं सोसलाय. तिचा निर्णय शहाणपणाचा आहे.

पण याच कारणासाठी मला चाखण्याची बाजू घ्यावीशी वाटते. आपल्याकडे दारूशी दोनच नाती आहेत: चोरून ढोसायची, नाहीतर शपथ घेऊन सोडायची. पेल्यात किती आहे, कशाचं आहे, कसं लागतंय, याची चौकशी दोन्हींत नाही. व्यावसायिक चाखणारे घोट तोंडात घोळवतात आणि थुंकतात. शेजारी रिकामा तांब्या ठेवा आणि तुम्हीही थुंका. पाच-सहा जणांत एक बाटली ही टेस्टिंगची पद्धत आहे, आणि ती खिशालाही परवडते. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क लागत आलंय, वर राज्याचे कर वेगळे. त्यामुळे एकट्याने मेर्सो घेऊन बसण्याचा हट्ट सोडा. लेबलवर नुसतं ‘बूर्गोन्य ब्लां’ लिहिलेली साधी बाटली बघा, ओकमध्ये मुरली आहे का ते विचारून घ्या. शाब्लीला जाऊ नका. तीही शार्डोनेच, पण तिथे बहुतेक वाइन ओकशिवाय होते. तेही नको असेल तर देशातली ओकची शार्डोने घ्या.

आणि दुकान बघून घ्या. आमच्याकडच्या एका दुकानात मे महिन्यात फ्रेंच बाटल्या काचेच्या शोकेसमध्ये उभ्या होत्या, दुपारचं ऊन थेट अंगावर. मी एक घेतली. कॉर्क किंचित वर आलेलं होतं आणि गळ्याशी चिकट ओघळ. आत जे होतं त्याला कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास होता, ते काळं पडतं तेव्हाचा. उन्हाने शिजलेल्या वाइनला कुठलाच रस्सा वाचवू शकत नाही.

वाढण्याबद्दल पुस्तकं ‘रूम टेंपरेचर’ नाहीतर ‘चिल्ड’ म्हणतात. एप्रिलमधल्या जतच्या रूमचं टेंपरेचर त्या लेखकांनी पाहिलेलं नाही. आणि ‘चिल्ड’ म्हणजे आपली हॉटेलं ती बर्फात बुडवून आणतात. ओकच्या पांढऱ्या वाइनचा यात खून होतो. चार-पाच अंशांवर वास बंद होतो, लोणी नाही, खोबरं नाही, उरतो फक्त लाकडाचा कडसरपणा आणि आंबट. तिला हवेत साधारण अकरा ते तेरा अंश. थर्मामीटर नको. फ्रीजच्या बाटलीपेक्षा कोमट आणि माठातल्या पाण्यापेक्षा चांगलंच गार, एवढं ध्यानात ठेवा. थंडीच्या दिवसांत फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, उन्हाळ्यात पंधरा मिनिटं पुरतात. ग्लासात थोडी थोडी ओता, एक तृतीयांशच्या वर नाही, कारण आपल्या हवेत ती ग्लासातच तापते. आणि खरं सांगायचं तर थोडी तापताना तिची सगळी रूपं एकामागोमाग दिसतात, पहिला घोट आणि दहा मिनिटांनंतरचा घोट यांची तुलना करून बघाच. ग्लास पोटात रुंद आणि तोंडाशी अरुंद हवा, वास कोंडून राहतो. स्टीलच्या पेल्यात ओतलीत तर आभाळ कोसळणार नाही, फक्त रंग दिसणार नाही आणि वास उडून जाईल.

आता जेवण. फ्रान्समध्ये अशी वाइन क्रीम घातलेल्या कोंबडीबरोबर, लोण्यातल्या शेवंडाबरोबर घेतात. म्हणजे काय, तर मांसाचा अर्क, स्निग्धपणा, कमी तिखट, पांढरा रंग. आता पांढऱ्या रश्शाकडे बघा. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ, थोडं आलं-लसूण, खडा मसाला हलकासा. ओकमधल्या खोबऱ्याच्या वासाला नारळाचं दूध, भाजक्या वासाला तीळ-खसखस, साक्यामुळे आलेल्या अंगाला काजूचा दाटपणा, आणि या सगळ्या ओशटपणातून वाट काढायला वाइनमधलं आंबट. जोडी इतकी सरळ आहे की ती कुणाला सुचली नाही यावर विश्वास बसत नाही. कोल्हापूरकर पांढऱ्या रश्शावर मालकी सांगतील. सांगू देत. मिरज-सांगलीच्या खानावळीत तो काही कमी मुरलेला नाही.

शाकाहारी असाल तर कृष्णाकाठची वांगी चुलीवर किंवा गॅसवर खरपूस भाजा, दही आणि दाण्याचं कूट घाला, फोडणीला मिरची एखादीच. धूर, दही आणि शेंगदाणा तिन्ही वाइनमध्ये आधीच आहेत. ओल्या भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा चालतात. लोणी लावलेलं मक्याचं कणीस उत्तम, फक्त वर तिखट-मीठ-लिंबू चोळू नका, नुसतं मीठ. मेथकूट-तूप-भात हा प्रयोग मी धाडस म्हणून केला होता, आता पहिल्यांदा चाखणाऱ्याला तोच देतो.

काय चालत नाही, हेही स्पष्ट सांगतो, नाहीतर हा लेख नुसता अभिमानाचा होईल. साताऱ्याचा कंदी पेढा नाही. पेढ्याचा खरपूस वास ओकशी जुळेल असं वाटतं, पण कोरड्या वाइनला गोड पदार्थ भेटला की वाइन आंबटढाण आणि पोकळ लागते. दोघांचाही अपमान. लसूण-तिखटाचं भडंग नाही. इस्लामपूर-पेठच्या रस्त्यावरचा झणझणीत अख्खा मसूर नाही. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चेतवतात, जीभ भाजते आणि ओकचा तुरट-कडसर भाग तेवढा मागे उरतो. ‘भारतीय जेवणाबरोबर चालत नाही’ म्हणणारे इथपर्यंत बरोबर आहेत. त्यांनी तांबडा रस्सा चाखून हे लिहिलं असतं, तर मी भांडलोही नसतो.

पुढच्या वेळी बाटली उघडाल तेव्हा ताटलीत तीन वाटण्यांत बेदाणे ठेवा: धुरी दिलेला हिरवा, पिवळा आणि उन्हात तांबूस झालेला. आधी बेदाणे चाखा आणि प्रत्येकाला एक मराठी विशेषण द्या, रंगाचं नाही, चवीचं. मग पाण्याने चूळ भरा आणि वाइनकडे वळा. आणि तांबड्या रश्शाला वाइन नकोच. त्याच्याबरोबर भाकरी, कच्चा कांदा, लिंबाची फोड आणि गार पाणी.